बॉक्स तोच, व्हेंडर कोड नवा: मकरपुऱ्यातल्या एका पुरवठादाराचं प्रकरण

२०२३ च्या डिसेंबरात टेम्पो भरून ४० मार्शलिंग बॉक्स कारखान्यात परत आले. मार्शलिंग बॉक्स म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर बसणारी पत्र्याची पेटी. ट्रान्सफॉर्मरवरच्या मापकांच्या आणि संरक्षक उपकरणांच्या तारा तिच्यात गोळा होतात आणि तिथून कंट्रोल रूमकडे जातात. परत आलेल्या प्रत्येक बॉक्सच्या दारावर लाल स्टिकर होतं: ड्रॉइंगप्रमाणे नाही. हेच बॉक्स, याच डायवर, याच हातांनी बनून ८ वर्षं त्याच फाटकातून आत जात होते. फाटकावरचं नाव मात्र महिन्याभरापूर्वी बदललं होतं.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याचे हिशेब मी २०११ पासून पाहते. मालक माझ्या वडिलांचे मित्र. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. तेव्हा १८ माणसं, पत्रा कापायचं एक शिअरिंग मशीन, पत्रा वाकवायचे दोन प्रेस ब्रेक, वेल्डिंगचे चार बूथ. पावडर कोटिंग मागच्या गल्लीत करून घेतात. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या आत, त्यामुळे लहान उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीत, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे, 'सूक्ष्म' उद्योग. वडोदरा ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या उपकरणांचं गाव आहे. ती उपकरणं तपासणारी एर्डा ही संस्थासुद्धा मकरपुऱ्यातच आहे. मोठ्या कारखान्यांना पत्र्याची, रबराची, तांब्याची लहानसहान कामं करून देणारे असे कारखाने इथे गल्लोगल्ली आहेत.

विलीनीकरणाबद्दल जे लिहिलं जातं ते शेअरचं प्रमाण, नफा आणि फार तर नोकऱ्यांबद्दल असतं. ज्या दोन बाजूंना ते रोज भोगावं लागतं, माल देणारे आणि माल घेणारे, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत संपतो. हे एक प्रकरण मला खातेवहीतून आणि कारखान्याच्या फरशीवरून, दोन्हीकडून पाहता आलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. जी कंपनी विलीन झाली तिला 'जुनी कंपनी' म्हणते, जिच्यात झाली तिला 'मोठी कंपनी'. नावांची गरज नाही.

शहराच्या आठवणीत

वडोदऱ्याला विलीनीकरण नवं नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएल या इथल्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीतला २६ टक्के हिस्सा सरकारने २००२ साली सुमारे १,४९१ कोटी रुपयांना रिलायन्सला विकला. २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली, आयपीसीएलच्या ५ शेअरांमागे रिलायन्सचा १ शेअर देऊन. प्लास्टिकचा दाणा विकत घेऊन त्याच्या बादल्या, पाइप, पिशव्या करणाऱ्या लहान कारखानदारांसाठी विकणाऱ्याचं नाव बदललं. त्या वेळी स्पर्धा कायद्यातली विलीनीकरणं तपासणारी कलमं अमलात आलेली नव्हती. ती आली १ जून २०११ पासून.

दुसरं विलीनीकरण इथल्या घराघरात पोचलं. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोद्यात १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक विलीन झाल्या. देशात एकदम तीन बँका एक होण्याची ती पहिलीच वेळ. खातेदारांना तारखा जाहीर करून कळवल्या गेल्या: जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद, जुनी चेकबुकं ३१ मार्च २०२१ पर्यंत चालतील. बँकेच्या ग्राहकाला अशी तारीख मिळते, कारण त्याच्या मागे रिझर्व्ह बँक उभी असते. मार्शलिंग बॉक्स बनवणाऱ्याला तारीख सांगणारं कुणी नसतं. ती त्याला फाटकावर कळते.

नोटीस

जुनी कंपनी मोठ्या कंपनीत जाणार हे काकांना पहिल्यांदा कळलं ते सेव-उसळीच्या गाडीवर, जुन्या कंपनीच्याच एका फिटरकडून. कागदावर कळलं आठ महिन्यांनी. २०२३ च्या सुरुवातीला एक जाडजूड पाकीट आलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली योजना कंपनी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठापुढे होती आणि विनातारण धनकोंची सभा बोलावली होती. काका घाबरले. "अगं, धनको म्हणजे आपण? आपण कधी कुणाला कर्ज दिलं?" बिल थकलेला पुरवठादार हा कायद्याच्या भाषेत धनकोच, हे मी त्यांना समजावलं.

मग आम्ही दोघांनी ती योजना वाचून काढली. त्यात जुन्या कंपनीचे सगळे करार, पर्चेस ऑर्डर, देणी, जबाबदाऱ्या आपोआप मोठ्या कंपनीकडे जातील असं स्पष्ट होतं. असं कलम अशा योजनांमध्ये असतंच. काकांना हायसं वाटलं. मला मात्र कलम २३० मधली एक तरतूद बोचली. योजनेला हरकत घेण्याचा हक्क फक्त १० टक्के भागभांडवल असणाऱ्यांना किंवा एकूण थकीत कर्जाच्या ५ टक्के येणं असणाऱ्यांना. आमचं येणं जुन्या कंपनीच्या एकूण देण्यांच्या हजाराव्या हिश्शाएवढंही नव्हतं. मकरपुऱ्यातले सगळे पत्रेवाले एकत्र आले असते तरी ५ टक्के भरले नसते. म्हणजे पाकीट आम्हाला मिळालं होतं, पण त्यात आमच्यासाठी प्रश्न एकही नव्हता.

ही तरतूद अन्यायाची आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक किरकोळ येणेकऱ्याने योजना अडवली तर एकही विलीनीकरण पार पडणार नाही. पण तिचा परिणाम असा होतो की सगळी चर्चा मोठ्या धनकोंशी, बहुतेक वेळा बँकांशी होते. बँकेचा प्रश्न एवढाच असतो की पैसे बुडणार नाहीत ना. पुरवठादाराचा प्रश्न वेगळा असतो: उद्या फोन कुणाला करायचा?

जुने जीएसटी नंबर

न्यायाधिकरणाचा आदेश सप्टेंबर २०२३ मध्ये झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फाटकावरची पाटी बदलली. जीएसटी कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे विलीन झालेल्या कंपनीची नोंदणी आदेशाच्या तारखेपासून रद्द व्हायची असते. प्रत्यक्षात ते काम पुढे केव्हा तरी होतं आणि तारीख मागची पडते. मधल्या आठवड्यांत आम्ही नेहमीप्रमाणे माल पाठवत राहिलो, नेहमीप्रमाणे जुन्या कंपनीच्या नावाने, जुन्या जीएसटी नंबरावर बिलं करत राहिलो. अशी ११ बिलं निघाली.

ती मोठ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये अडकली. खरेदीवरच्या कराची किती वजावट मिळेल हे दाखवणाऱ्या त्यांच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात ती दिसेनात, कारण ती रद्द झालेल्या नंबरावर होती. करवजावट मिळणार नसेल तर बिल पास करायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो नियम म्हणून बरोबरच आहे. उपाय सरळ होता. जुनी बिलं रद्द करणाऱ्या ११ क्रेडिट नोट काढायच्या आणि नव्या नंबरावर ११ नवी बिलं करायची. मी दोन संध्याकाळी बसून ते केलं. त्यातून पुढे काय होणार हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. बिलाची तारीख नवी झाली आणि त्यांच्या संगणकात उधारीचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू झाले. जो माल गोदामात उतरून ४० दिवस झाले होते, त्याचा आज पहिला दिवस.

इथे कायदा आमच्या बाजूने होता, आणि हे प्रत्येक लहान पुरवठादाराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात पैसे देण्याची मुदत मोजली जाते ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. बिलाच्या तारखेपासून नाही. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. आमच्या ११ चलनांवर फाटकाच्या इनवर्डचे शिक्के होते, तारीख आणि वेळेसकट. प्रत्येक चलनाची प्रत जोडून मी पत्र पाठवलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले, कारण पत्र नेमकं कुणाकडे जायचं हे त्यांच्याकडेही ठरलेलं नव्हतं.

जुन्या कंपनीच्या खरेदी विभागात एक गुजराती भाई होते. १२ वर्षं त्यांच्याशीच व्यवहार. दसऱ्याला त्यांचा फोन यायचा आणि दिवाळीपूर्वी एखादं बिल अडलं तर ते स्वतः अकाउंट्समध्ये जाऊन बसायचे. आम्ही त्यांना फोन केला. "काका, हवे मारा हाथमां नथी," आता माझ्या हातात नाही, एवढंच ते म्हणाले. खरेदीचे सगळे अधिकार दुसऱ्या शहरातल्या मुख्य कचेरीत गेले होते आणि त्यांना स्टोअर्समध्ये बसवलं होतं. मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली.

चाळीस बॉक्स

आता त्या ४० बॉक्सकडे येते. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथे आहे.

२०१५ च्या पावसाळ्यात जुन्या कंपनीच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या जागेवरून तक्रार आली होती की मार्शलिंग बॉक्समध्ये पाणी शिरतं. हे बॉक्स आयपी ५५ दर्जाचे असावे लागतात, म्हणजे धूळ आत जाऊन बिघाड होता कामा नये आणि कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी आत नुकसान होता कामा नये. जुन्या कंपनीचे क्वालिटीचे साहेब कारखान्यात आले. ते आणि काका दोन दिवस एकाच बॉक्सच्या दाराशी खटपट करत होते. शेवटी चौकटीची दुमड १२ मिलिमीटरची १५ केली आणि दाराच्या फटीत निओप्रिनच्या पट्टीऐवजी ईपीडीएम रबराचं गॅस्केट लावलं. पाणी थांबलं. साहेबांनी ड्रॉइंगच्या प्रतीवर लाल पेनाने नवं माप लिहिलं, सही केली, तारीख टाकली, आणि ती प्रत प्रेस ब्रेकच्या मागच्या भिंतीवर चिकटली ती चिकटलीच.

मूळ ड्रॉइंग मात्र बदललं नाही. त्यालाही कारण होतं. ही ड्रॉइंगं वीज कंपन्यांनी मंजूर केलेली असतात. तीन मिलिमीटर बदलायचे तरी नव्याने मंजुरी घ्यावी लागते आणि तोवर पुरवठा थांबतो. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना मान्य होतं, बॉक्स चांगला होता. त्या समजुतीवर ८ वर्षं काम चाललं.

डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपनीचा इन्स्पेक्टर आला. तरुण मुलगा, हातात टॅब, टॅबवर ड्रॉइंग. त्याने कॅलिपर लावला: १५. ड्रॉइंगवर १२. गॅस्केटचं मटेरियल वेगळं. सगळा लॉट परत.

काकांना अपमान वाटला आणि मला तो समजतो. पण मी त्या मुलाला दोष देणार नाही. त्याच्यापुढे जो कागद होता त्याप्रमाणे तो बरोबर होता. चूक आमची होती आणि ती ८ वर्षं जुनी होती. एवढा मोठा बदल आम्ही लेखी घेतला नव्हता, कारण समोरच्या माणसाची खात्री होती. विलीनीकरणात ऑर्डर, देणी, डाय, फिक्स्चर, गोदामातला माल, सगळं कायद्याने नव्या मालकाकडे जातं. 'दुमड १५ ठेवा' हे जे दोन माणसांनी एकमेकांना सांगितलेलं असतं, त्याला कुठलंच कलम लागू होत नाही. आणि लहान पुरवठादाराची खरी किंमत बहुतेक वेळा अशाच न लिहिलेल्या गोष्टींमध्ये असते. पत्रा कोणीही वाकवतो. कुठे जास्त वाकवायचा हे काकांना माहीत होतं, म्हणून त्यांना काम मिळत होतं.

ते साहेब २०२० मध्ये निवृत्त झाले होते. मांजलपूरला राहतात. काका त्यांच्या घरी गेले तेव्हा ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी डायरी आहे. थांबा." २०१५ च्या डायरीत त्या दोन दिवसांची नोंद होती, बॉक्सच्या कोपऱ्याच्या आकृतीसकट. पुढे महत्त्वाची ठरली ती त्यांना आठवलेली दुसरी गोष्ट: २०१६ मध्ये आयपी ५५ ची चाचणी झाली तेव्हा नमुना म्हणून जो बॉक्स गेला, तो नव्या दुमडीचाच होता. म्हणजे प्रमाणपत्र ज्या बॉक्सला मिळालं होतं तो आमचा होता, ड्रॉइंगमधला नव्हता.

चाचणी अहवालाची प्रत शोधायला आणखी दहा दिवस गेले. जुन्या कंपनीच्या फाइली खोक्यांत भरून एका गोदामात ठेवल्या होत्या. अहवालातल्या फोटोत चौकट स्पष्ट दिसत होती. निवृत्त साहेब स्वतः, कुठलाही मोबदला न घेता, काकांबरोबर मोठ्या कंपनीच्या कारखान्यात गेले. काकांनी भिंतीवरून काढून आणलेली ती लाल पेनाची प्रत, डायरी आणि अहवाल तिथल्या डिझाइनच्या इंजिनिअरने शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि त्या लॉटपुरती डेव्हिएशनची नोट, म्हणजे ड्रॉइंगपासूनचा फरक मान्य करणारा कागद, काढली. बॉक्स परत आल्यापासून ती नोट मिळेपर्यंत ७ आठवडे गेले. ड्रॉइंग अधिकृतपणे बदललं ते त्याच्या पाच महिन्यांनंतर.

४० पैकी ३४ बॉक्स स्वीकारले गेले. ६ बॉक्सवर पावडर कोटिंग खरचटलेलं होतं, ते नाकारले आणि त्यांच्यासाठी आमच्या नावाने डेबिट नोट निघाली, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या येण्यातून कापली. टेम्पोतून जाताना, परत येताना, पुन्हा जाताना ते खरचटलं हे उघड आहे. पहिल्या वेळी स्वीकारले असते तर खरचटलेच नसते हेही उघड आहे.

भाव

मोठ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पुरवठादारांची बैठक घेतली. हॉटेलात, व्यवस्थित, जेवणासकट. प्रत्येकाला एक संपर्काचं माणूस नेमून दिलं. आमच्या वाट्याला आलेल्या बाई तिशीच्या आसपासच्या होत्या, कारखाना पाहायला स्वतः आल्या, दोन तास थांबल्या आणि प्रश्न चांगले विचारले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मोठी कंपनी म्हणजे सगळं वाईटच असं या प्रकरणात झालेलं नाही.

पण भाव ठरवणं त्यांच्याही हातात नव्हतं. आम्ही पाच वस्तू पुरवायचो. त्या सगळ्या रिव्हर्स ऑक्शनला गेल्या, म्हणजे संगणकासमोर बसून प्रत्येकाने समोरच्यापेक्षा कमी बोली लावत जायची. मोठ्या कंपनीकडे हेच काम करणारा, आमच्या दहापट क्षमतेचा एक पुरवठादार आधीपासून होता. तीन वस्तू त्याच्याकडे गेल्या. दोन आमच्याकडे राहिल्या, मार्शलिंग बॉक्स त्यांतला एक. राहिल्या त्या अशा की ज्यांचे १०-१५ नगांचे छोटे लॉट निघतात, प्रत्येक ऑर्डरला भोकं वेगळ्या जागी असतात आणि मोठ्या कारखान्याला त्यासाठी मशीन थांबवणं परवडत नाही. हजार सारखे नग काढण्यात आम्ही कधीच जिंकू शकलो नसतो.

त्या एका गिऱ्हाइकावर कारखान्याची ६० टक्के उलाढाल होती. इतकी वर्षं मी ताळेबंद बनवत होते आणि हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. एकाच खुंटीला सगळं टांगलं आहे हे मी काकांना एकदाच, तेही हळू आवाजात सांगितलं होतं. ते मी दरवर्षी स्पष्ट सांगायला हवं होतं.

आपणही गिऱ्हाईक

पुरवठादार असतानाच काका त्याच कंपनीचे गिऱ्हाईकही होते. जोडधंदा म्हणून ते आसपासच्या गावांतल्या शीतगृहांसाठी, तेलाच्या घाण्यांसाठी लहान वीज-पॅनेल बनवतात आणि त्यात लागणारे ब्रेकर जुन्या कंपनीचेच घेत असत. ते द्यायचे शहरातल्या जुन्या पेठेतले एक मराठी डीलर. त्यांचं दुकान दहा बाय बाराचं, पण बंद झालेल्या मॉडेलचा एखादा ब्रेकर त्यांच्या माळ्यावर हमखास सापडायचा. कुणाच्या पॅनेलमध्ये काय बसवलं आहे हे त्यांच्या वहीत असायचं.

विलीनीकरणानंतर शहरात एकाच मालाचे दोन डीलर झाले आणि मोठ्या कंपनीने आपला आधीचा ठेवला. ब्रेकरची जुनी मालिकाही हळूहळू बंद करून आपली मालिका पुढे आणली. कारखान्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, एकाच कामाच्या दोन वस्तू कशाला बनवायच्या. पण एप्रिल २०२४ मध्ये पादऱ्याजवळच्या एका शीतगृहातला, २०१८ साली बसवलेल्या पॅनेलचा मुख्य ब्रेकर गेला. नव्या मालिकेतला त्याच क्षमतेचा ब्रेकर आकाराने वेगळा. बसवायची भोकं जुळेनात, तांब्याच्या पट्ट्या पोचेनात. बाहेर ४२ अंश आणि आत शेतकऱ्यांचा माल. काकांची माणसं रात्री तिथे गेली, पत्र्याची प्लेट कापली, पट्ट्या नव्याने वाकवल्या आणि पहाटे चारला वीज सुरू केली.

नव्या डीलरने ब्रेकर त्याच दिवशी दिला होता, हे सांगायला हवं. त्याने चूक काही केली नाही. त्याला फक्त माहीत नव्हतं की हा ब्रेकर कुठे बसणार आहे. जुने डीलर असते तर आकार बदललेला आहे हे त्यांनी फोनवरच सांगितलं असतं.

शीतगृहाच्या मालकाच्या लेखी मात्र कुठलंही विलीनीकरण झालेलं नव्हतं. त्याने पॅनेल काकांकडून घेतलं होतं आणि त्याला जाब काकांनाच विचारायचा होता. मोठ्या कंपन्या एकत्र येतात तेव्हा शेवटच्या ग्राहकापर्यंत जी धग पोचते ती बहुतेक वेळा मधल्या लहान माणसाच्या अंगावरून जाते, हे मी त्या रात्री पाहिलं.

पैसे

पैशांची गोष्ट थोडक्यात संपते. मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर ९० दिवसांची मुदत छापलेली होती. ४५ दिवसांच्या पुढची मुदत कायद्यात टिकत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज देणं लागतं. त्या वर्षी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आम्ही ते मागितलं नाही. आमच्या ओळखीत कुणी मागत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर येईल याची खात्री नसते. लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडे तक्रार करण्याची सोय आहे. काकांनी तो विचार एका चहात संपवला.

मदत झाली ती तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मधल्या तेव्हा नव्या 'एच' तरतुदीची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला कायद्याच्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्समधून आपणहून फोन आला. उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागितली. २८ मार्चला ११ पैकी ९ बिलांचे पैसे एकत्र जमा झाले. माझ्या पत्राने जे चार महिन्यांत झालं नव्हतं ते त्यांच्या स्वतःच्या कराच्या हिशेबाने दोन आठवड्यांत झालं.

पुढच्या बिलांसाठी त्यांनी आम्हाला ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर घेतलं. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लगेच मिळतात. पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक पुरवठादाराकडे मागायला येत नाही. सवलतीपोटी थोडी रक्कम कापली जाते. काकांना सुरुवातीला ते पटलं नाही, 'आपल्याच पैशांवर व्याज का द्यायचं' म्हणाले. पण जुन्या भाईंनी दिवाळीपूर्वी अकाउंट्समध्ये जाऊन बसण्याची जागा आता कुणी घेणार नव्हतं, आणि ट्रेड्स निदान कुणाच्या मर्जीवर चालत नाही.

आज कारखान्यात १५ माणसं आहेत. मोठ्या कंपनीचा वाटा ६० वरून ३५ टक्क्यांवर आला आहे. काही त्यांनी कमी केला, काही काकांनी स्वतःहून कमी होऊ दिला. हालोलच्या दोन नव्या गिऱ्हाइकांची कामं चालू आहेत. प्रेस ब्रेकमागच्या भिंतीवर आता कागद नाही. तिथे एक रजिस्टर टांगलं आहे. ड्रॉइंगपेक्षा वेगळं काहीही करायचं ठरलं, एखाद्या भोकाची जागा असो की गॅस्केटची जाडी, तर त्यात तारीख, कारण आणि समोरच्याच्या ईमेलचा नंबर लिहिल्याशिवाय काका मशीन चालू करू देत नाहीत. हालोलच्या एका इंजिनिअरला ते रजिस्टर पाहून राग आला, "काका, तुम्हाला विश्वास नाही का?" काकांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि त्या ४० बॉक्सची हकीकत सांगितली. त्याने तिथेच फोनवरून ईमेल पाठवला.

ते ६ बॉक्स पत्र्याच्या रॅकवर सगळ्यात वर अजून आहेत. काकांनी ते नव्याने कोट करून विकायला नकार दिला. डेबिट नोटवरचा आमचा आक्षेप मोठ्या कंपनीच्या संगणकात 'विचाराधीन' दिसतो. आम्हाला नेमून दिलेल्या त्या बाईंनी दोनदा पाठपुरावा केला, मग त्यांचीही बदली झाली. माझ्या वहीत ती रक्कम येणं म्हणून उभी आहे आणि दर ३१ मार्चला मी ती पुढच्या वर्षात नेते.